बॅटरीजवळ फ्यूज आहे का, ते आधी बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घाटात चालती गाडी पेटल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते आणि ‘शॉर्टसर्किट झाल्याचा प्राथमिक अंदाज’ एवढ्यावर संपते. पुढचे कुणी विचारत नाही. त्या गाडीला कंपनीतून आल्यानंतर काय काय बसवले होते, त्याची वायर कुठून कशी नेली होती, मध्ये फ्यूज होता का, हे वाचकांना कधीच कळत नाही. मी एसटीच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिशियन होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यातच गाड्यांच्या वायरिंगचे छोटे दुकान चालवतो. जळक्या वायरी घेऊन गाडी माझ्या दारात येते तेव्हा दोष बहुतेक वेळा कंपनीच्या वायरिंगमध्ये नसतो. तो नंतर लावलेल्या लाइटच्या, हॉर्नच्या, विंचच्या वायरिंगमध्ये असतो. म्हणून हे पत्र.

आता जून तोंडावर आला आहे. कास, बामणोली, तापोळ्याकडे पुण्या-मुंबईच्या थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या यायला लागतील. आमच्या भागातल्या बोलेरो आणि वडापच्या, म्हणजे सीटवर भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या, जुन्या जीपगाड्या तर बारा महिने त्याच रस्त्यांवर असतात. पावसात सड्यावर धुके एवढे उतरते की दहा पावलांपुढचे दिसत नाही. त्यामुळे जादा लाइट लावून घ्यायला लोक याच दिवसांत येतात. त्यांची गरज खरी आहे. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावातून रात्री पेशंट आणायचा असेल तर ड्रायव्हरला उजेड हवाच, आणि चिखलात रुतलेली गाडी ओढून काढायला विंच, म्हणजे बंपरमधली ओढणारी मोटर, हवा. माझे म्हणणे एवढेच, की या वस्तू बसवण्याचे काम निष्काळजीपणे होते आहे आणि त्यावर कुणाचेही लक्ष नाही.

मागच्या पावसाळ्याआधी बामणोलीकडचा एक तरुण शेतकरी थार घेऊन आला. टपावर लांब एलईडी बार होता, मोठ्या शहरातल्या एका दुकानात बसवलेला. बार चालू केला की पायापाशी करपट वास येतो, एवढीच तक्रार. मी क्लचच्या वरचे कव्हर काढून टॉर्च मारला. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरीसाठी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या, पत्र्याला भोक पाडले होते, पण त्यात वायर घासू नये म्हणून लागणारे रबराचे ग्रोमेट नव्हते. पत्र्याची कोरी धार थेट लाल वायरवर बसलेली. दगडगोट्यांतून गाडी हलत राहिली की ती धार वायर कापत जाते. वरचे प्लॅस्टिक निम्म्याहून जास्त झिजले होते, आतल्या काही तारा तुटून काळ्या पडल्या होत्या आणि त्या जागी पत्र्याच्या रंगाला भाजून फोड आले होते. वायरचा माग काढत बॅटरीपर्यंत गेलो. लाल टोक सरळ पॉझिटिव्हच्या नटाखाली आवळलेले. फ्यूज होता, पण तो टपावर, बारच्या पाठीमागे!

पोराला वाटत होते, फ्यूज आहे म्हणजे आपण सुरक्षित. हाच समज मला जागोजाग आढळतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. फ्यूज लाइटच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर उघडी पडून पत्र्याला टेकली तर तिला अडवणारे मध्ये काहीच नसते. स्टार्टर फिरवण्यासाठी बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देते. तेवढाच करंट ती त्या टेकलेल्या वायरीतही ओतते. काही सेकंदांत वायर लाल होते, प्लॅस्टिक पेटते, शेजारच्या वायरी पेटतात आणि मग डॅशबोर्डखालचा सगळा प्लॅस्टिकचा पसारा. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असेल तर हेच सगळे एका ‘टक्’ आवाजात संपते. त्या गाडीची वायर मी बदलली, भोकाला ग्रोमेट घातले, फ्यूज बॅटरीजवळ आणला. फार मोठे काम नव्हते. सामानाचा खर्च एका वेळच्या डिझेलपेक्षाही कमी आला.

फ्यूज किती अँपिअरचा टाकायचा हेही वायर बघूनच ठरते. १ चौरस मिमीच्या वायरला मी १० अँपिअरच्या वर जात नाही, २.५ चौरस मिमीला २० च्या वर नाही. पण दहाचा लाल फ्यूज उडाला की दुकानात तीसचा हिरवा खोचतात, आणि तोही उडाला तर सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चांदी गुंडाळून लावणारेही मी पाहिले आहेत. फ्यूज उडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. कुठे घासले आहे, कुठे पाणी शिरले आहे, ते शोधायचे सोडून त्याचे तोंड बंद करणे म्हणजे आगीची सोय करून ठेवणे.

वायरीच्या जाडीचा हिशेब शाळेत शिकवलेल्या ओहमच्या नियमाचाच आहे. १२० वॉटचा बार १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतो. बॅटरीपासून टपापर्यंत वळणे धरून पाच मीटर वायर लागते, परत यायला पाच मीटर. १ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या लांबीत पावणेदोन व्होल्ट वाटेतच जिरतात. २.५ चौरस मिमी वापरली तर पाऊण व्होल्टच्या आतच भागते. जिरलेले व्होल्ट उष्णता होऊन वायरीतच राहतात. तेवढ्याने वायर लगेच जळत नाही हे खरे, पण तीच वायर इंजिनाच्या उष्णतेत, इतर वायरींच्या जुडग्यात, टेपने आवळून ठेवली की दोन-तीन उन्हाळ्यांत तिचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते. घरातल्या फिटिंगची वायर गाडीत वापरू नये ती याचसाठी. तिचे आवरण साधारण ७० अंशांसाठी बनवलेले असते आणि सायलेन्सरच्या बाजूला त्याहून कितीतरी जास्त तापते. गाडीसाठी बनलेली, बारीक तारांची, उष्णता सोसणारी वायर बाजारात मिळते. थोडी महाग पडते, पण ती घ्यावी.

ऑनलाइन मागवलेल्या वायरिंग किटबद्दलही सांगतो. बाहेरून वायर अंगठ्याएवढी दिसते, सोलून बघावे तर आत तांबे चिमूटभर. कधी तेही तांबे नसते. ब्लेडने एक तार खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. ती तेवढ्याच जाडीत करंट कमी वाहते, थिंबलमध्ये, म्हणजे टोकाला लावायच्या धातूच्या टोपीत, दाबली की हळूहळू सैल होते आणि ओल लागली की कुजते. गिऱ्हाइकासमोर मी ही तार खरवडून दाखवतो. एकदा डोळ्यांनी पाहिले की वायरच्या किमतीवरून घासाघीस होत नाही.

रिलेचा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, वापर हल्ली वाढला आहे, ही चांगली गोष्ट. त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर, ८७ वरून लाइटकडे, आणि ८५-८६ वर स्विच व अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंटची परतीची वाट. स्विचच्या वायरीतून पाव अँपिअरही जात नाही, त्यामुळे डॅशबोर्डवरचा स्विच तापत नाही. स्विचचा करंट चावी फिरवल्यावरच येणाऱ्या सर्किटवरून घ्यावा, म्हणजे गाडी बंद करून उतरल्यावर लाइट चालू राहून बॅटरी बसत नाही. मात्र रिले कुठे बसवायचा, याचा विचार फार थोडे जण करतात. थारला कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिमी दिली आहे. लोक तेवढ्या पाण्यात गाडी घालतात, आणि रिले असतो खाली बंपरच्या मागे! तो बोनेटखाली होता होईल तेवढा वर बसवावा आणि त्याच्या पिना जमिनीकडे ठेवाव्यात, म्हणजे शिंतोडे आले तरी पाणी निथळून जाते. लाइटकडे जाणाऱ्या वायरीलाही आधी खाली झोळ द्यावा आणि मग वर न्यावे. तसे केले की पाणी वायरवरून ओघळून झोळाशी गळते, वायरी जोडणाऱ्या कपलरमध्ये शिरत नाही.

अर्थकडे तर सगळ्यात जास्त दुर्लक्ष. ब्रॅकेटच्या बोल्टखाली काळी वायर दाबली की झाले, असे समजतात. खाली रंग असतो, रंगातून करंट जात नाही. पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडावा, थिंबल आवळावे आणि वरून ग्रीस किंवा रंग मारावा. टप फायबरचा असेल तर तिथे अर्थ मिळणारच नाही; वायर खाली चेसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, आणावी लागते. आमच्याकडच्या जुन्या जीपगाड्यांत तर एक वेगळाच प्रकार होतो. इंजिन रबरावर बसलेले असते, त्याला चेसीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजून तुटते. मग स्टार्टर मारला की शेकडो अँपिअर परतीची वाट शोधतात आणि ती त्यांना अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून सापडते. केबल तापून तिचे आतले प्लॅस्टिक वितळते आणि अ‍ॅक्सिलरेटर अडकतो. ड्रायव्हर केबल बदलतो, पुन्हा तेच होते. त्या पट्टीवर हात ठेवून बघायचे कुणाला सुचत नाही. वडापच्या गाडीत मागे दहा-बारा माणसे बसलेली असतात हो!

नव्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्यातल्या कित्येक गाड्यांच्या बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. जादा वस्तूंची अर्थ थेट निगेटिव्हच्या नटाखाली दिली तर त्यांचा करंट सेन्सरला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. अर्थ चेसीवर द्यावी. हेडलाइटची वायर मध्येच सोलून तिला दुसरी वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणे हे तर या गाड्यांत अजिबात चालत नाही. लाइटचा करंट कंट्रोल युनिट मोजत असते, फरक पडला की डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि वॉरंटीही जाते. शिवाय टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो, टेप सुटते, जोड उघडा पडतो. जोड थिंबल दाबूनच करावा आणि त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह घालावी. झाल्यावर दोन्ही बाजूंनी नेटाने ओढून बघावे. हाताने सुटणारा जोड कच्च्या रस्त्यावर टिकणार नाही.

लाइट कुठे लावायचा याबद्दल थोडेच सांगतो. धुक्यासाठी टपावरचा बार निरुपयोगी आहे. उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्याचा लाइट खाली, बंपरच्या उंचीला, रस्त्याकडे वाकवलेला असावा. बोल्ट नायलॉकच्या, म्हणजे हादऱ्याने सैल न होणाऱ्या, नटाने आवळावेत, पत्र्याला पाडलेल्या भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावावा.

विंचबद्दल मात्र मला फार काळजी वाटते. साडेनऊ हजार पौंड ओढण्याच्या क्षमतेचा विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास खातो. एवढ्या करंटला साधा फ्यूज चालत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी फ्यूज लावतच नाहीत. बोटाएवढी जाड केबल बॅटरीपासून निघून रेडिएटरच्या बाजूने बंपरमधल्या विंचकडे जाते आणि अष्टौप्रहर जिवंत असते. विंच वर्षातून दोन-चारदा वापरायचा, पण केबल रोज हायवेवर बंपरमध्ये घेऊन हिंडायची. समोरून धडक बसली की चेपलेल्या बंपरची कड आधी कशात घुसेल, विचार करा. बॅटरीला लागूनच मोठा कटऑफ स्विच बसवावा आणि विंच वापरताना तेवढाच तो चालू करावा. हा स्विच विंचच्या किमतीपुढे काहीच नाही. ज्यांनी विंच बसवला आहे त्यांनी हे पत्र वाचून झाल्यावर बोनेट उघडून बघावे, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. ओढताना इंजिन चालू ठेवावे, आणि मिनिटभर ओढले की मोटरला थंड होऊ द्यावे.

आता कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १११ व्या नियमाप्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट लावता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करण्याला मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. समोरच्याचे डोळे दिपवणारे लाइट रस्त्यावर लावणाऱ्यांना दंड झाला तर मला त्याचे वाईट वाटत नाही. मी स्वतः असे लाइट बसवताना परवानगीचे विचारतो, आणि नसेल तर परत पाठवतो. पण कारवाई होते ती बाहेरून दिसणाऱ्या लाइटवर. बोनेटखालची विनाफ्यूज वायर कुणी बघत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, तोवर ती तपासणीला उभीच राहत नाही. प्रवासी गाड्या मात्र फिटनेससाठी येतात. तिथे निरीक्षकांनी बोनेट उघडून एवढेच बघावे, की बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून किती जादा वायरी निघाल्या आहेत आणि प्रत्येकीला हाताच्या अंतरात फ्यूज आहे का. याला यंत्र लागत नाही, वेळही लागत नाही.

गाडीमालकांनी पैसे देण्यापूर्वी बसवणाऱ्याला सांगावे, मला फ्यूज दाखव. आणि एक कागद मागावा: कोणती वायर कुठून गेली, किती जाडीची, फ्यूज किती अँपिअरचा. मी असा कागद प्रत्येक गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो. उद्या गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे गेली तर त्याला अंधारात चाचपडावे लागत नाही. दाराच्या खणात १० नंबरचा पाना असू द्या. बहुतेक गाड्यांच्या बॅटरीचा नट त्याने सुटतो. वास आला, धूर दिसला तर गाडी बाजूला घ्या, चावी काढा, सगळ्यांना उतरवा. ज्वाळा नसतील तरच बॅटरीचे निगेटिव्ह आधी सोडवा. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर तिथेच ठिणगी उडेल. बोनेटमधून आग दिसत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. पावडरचे छोटे सिलिंडर सीटखाली, हाताला येईल असे ठेवा. मागे सामानाखाली ठेवलेले वेळेला सापडत नाही.

शेवटी आयटीआयच्या प्राचार्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती. मोटार मेकॅनिकच्या ट्रेडची मुले पास होऊन थेट अशा अ‍ॅक्सेसरीच्या दुकानांत कामाला लागतात. त्यांना बाहेर पडण्यापूर्वी जादा वस्तूंच्या वायरिंगचे काम हाताने करायला मिळाले पाहिजे. थिंबल दाबायचे कसे, मीटर लावून वाटेत किती व्होल्ट जिरतात ते मोजायचे कसे, वायर कुठून न्यायची आणि कुठून नाही. सातारा, कराड, वाई, कुठेही बोलावले तर मी माझी हत्यारे, मीटर आणि दुकानात जमवलेल्या जळक्या वायरी घेऊन येईन. मानधन नको. मुलांना एक जुनी जीप आणि एक नवी गाडी समोर मिळाली म्हणजे पुरे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी व ऑटो इलेक्ट्रिशियन, सातारा